विमा नको

२६ सप्टेंबर २०१९, गुरुवार
नाझनीनला काल दुपारी माती दिली. डेंग्यू. नांदेडला आयुर्वेदाच्या तिसऱ्या वर्षाला होती. वय बावीस. अकबरभाई अठरा वर्षं माझ्या पुढच्या खोलीत भाड्यानं शिवणकाम करतात. त्यांची ही मुलगी माझ्याच जिन्यावर बसून अभ्यास करत वाढली. आज दुकान बंद. मशीनचा आवाज नाही.

शेजारचे कुलकर्णी सर कब्रस्तानात जाऊन आले. सांगत होते, नमाजेआधी अ.भाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या लेकीकडे कुणाचं काही येणं असेल तर मला येऊन सांगा, मी देईन. नाही तर माफ करा. त्यांच्यात तशी रीत आहे म्हणे. आवाज हलला नाही, असं सर दोनदा म्हणाले.

मला बँक आठवली. सरांना बोलले नाही.

२८ सप्टें., शनिवार
लोक खरंच येतात. अभ्यासिकेवाला आला, एका महिन्याचे राहिलेत म्हणून. नांदेडच्या मेसवाल्या बाईंचा फोन. एक मैत्रीण, पुस्तकाचे दीडशे मागायला आली आणि न मागताच रडत बसली. तिलाही दिले. अ.भाई एकेक नाव वहीत लिहितात, दिलं की खोडतात.

संध्याकाळी तिच्या शिक्षणाच्या कर्जाचे बँकेचे कागद घेऊन वर आले. "बाई, मेलेल्याचं कर्ज बँक सोडते म्हणून राहिलेत लोक. मला न्हाई सोडायचं. कर्जात रूह अडकते."
सांगितलं, बँक काही सोडत नाही. विमा असेल तर विमा कंपनी भरते. नसेल तर सहकर्जदारानं भरायचं. सहकर्जदार म्हणजे तुम्ही. सोमवारी जाऊन बघते, म्हटलं.
बघायला काय आहे? फॉर्म मी भरला होता. विम्याचा रकाना मीच खोडला होता.

३० सप्टें., सोमवार
भूकंपाला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा आम्हा शिक्षकांना ड्यूटी लागली होती. किल्लारीच्या बाजूला तंबूत बसून मदतीचे अर्ज भरले. लोकांचे अंगठे एजंट कशावर घेतात ते तिथं पाहिलं. तेव्हापासून बारीक अक्षरातली कुठलीही ओळ दिसली की मी पेन उचलते. अर्धी गल्ली माझ्याकडून फॉर्म भरून घेते ती त्यासाठीच. प्रवेशाचे, स्कॉलरशिपचे, क्लासवाल्यांचे.

बँकेत गेले. अधिकारी कोवळा आहे, देगलूरकडचा. फाईल काढून दिली. आडवी रेघ. बाजूला 'विमा नको'. अक्षर माझं. खाली बापलेकीच्या सह्या.
विम्याचे सात हजार कर्जातूनच कापून घेणार होते. नाझनीन म्हणाली होती, राहू द्या ना बाई, सगळेच घेतात.
"तू काय मरायला निघालीस?" हे मी म्हटलं. ती हसली. अ.भाईसुद्धा हसले.

विमा असता तर खातं पूर्ण बंद झालं असतं, असं त्या मुलानं समजावून सांगितलं. "आम्ही सांगूनच राहतो मॅडम, लोक ऐकत न्हाईत." आता पाच लाख साठ हजार, वर व्याज. हप्ते बांधून मिळतील.

२ ऑक्टो., बुधवार
अ.भाईंना रक्कम सांगितली. रकान्याचं सांगितलं नाही. कामं होती.
कामं नव्हती.

४ ऑक्टो., शुक्रवार
दुकान उघडलं. कापडाच्या कडा शिवायची ओव्हरलॉकची मशीन जागेवर नाही. विकली. त्यांचं निम्मं काम पांढऱ्या ॲप्रनचं. आमच्या गावातून दरवर्षी मुलं डॉक्टर व्हायला बाहेर जातात आणि जाताना इथं मापं देऊन जातात. ती मशीन नाही तर ॲप्रन कसा होणार? खाली जाऊन रागावले. मशीन विकून खाणार काय?
"खाणं माझं हाय, बाई. कर्ज तिचं हाय."
वर आले. भाजी जळली होती.

६ ऑक्टो., रविवार
अ.भाई वर आले. टोपी, हातात वही. कधी बसत नाहीत, आजही बसले नाहीत. म्हणाले, सगळ्यांचं झालं, तुमचं राहिलं. मी म्हटलं, माझं काही नाही, भाडं वेळेवर आहे.
"पैशाचं न्हाई. तुमच्या जिन्यावर वाढली. कधी उलटं बोलली असंल, दुखवलं असंल, तर माफ करा तिला."
मग सगळं सांगितलं. रेघ, सात हजार, आपण तिघं हसलो ते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.
"मी वाचलं होतं. मराठी येतं मला. सही माझी हाय."
मी म्हटलं, सही माझ्या भरवशावर केलीत.
वाटलं, नाही म्हणतील.
"हाव," म्हणाले.

मग मी घाईनं मुदत ठेवीचं बोलले. निम्मं मी भरते, वगैरे. त्यांनी मधेच थांबवलं. "बाई, तुम्ही माफी मागून राहिल्या का पैसे देऊन राहिल्या? दोन वेगळ्या गोष्टी हायत."
छत्तीस वर्षं वर्गात असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
"पहिले तिचं बोला."
तिला माफ केलं, म्हटलं. माफ करण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांना शब्द हवा होता. माझं नाव खोडून खाली गेले.

७ ऑक्टो., सोमवार
मुदत ठेव मोडली. व्याज बुडालं, बुडू दे. अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या? फॉर्म मी भरला होता, म्हटलं. त्याला काही कळलं नाही. पैसे कुणीही भरू शकतं म्हणाला. खिडकीपाशी गेले आणि परत फिरले. त्यांना न विचारता एक रेघ ओढून झाली आहे.

९ ऑक्टो., बुधवार
दसरा काल झाला. सकाळी चेक लिहून दुकानात गेले. निम्म्या रकमेचा, कर्जखात्याच्या नावानं. त्यांच्या टेबलावर ठेवला. भरायचा की फाडायचा ते तुम्ही ठरवा, म्हटलं. तिथंच उभी राहिले. मग म्हटलं, "आणि मी माफी मागते. हे वेगळं."
गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्यासमोरच.

अ.भाईंनी पंख्यानं उडू नये म्हणून चेकवर कात्री ठेवली आणि हातातली बाही मशीनखाली घेतली.
संध्याकाळी दूध आणायला उतरले तेव्हा दुकान बंद करत होते. चेक तिथंच होता. कात्रीही.