चालत गायलेले धवले

बेलपाडा,
१४ मार्च १९९८

प्रिय कुमार,

फोनवर नीट बोलता आलं नाही. आपल्या नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये मी शिरले की बाहेरच्या बाकावर चारजण कान टवकारून बसतात, आणि बूथवाला तर अमुक सांगायचं राहिलं म्हणून मला आठवणही करून देतो. म्हणून हे पत्र. आई तुझ्या लग्नात धवले गाणार की नाही, हा प्रश्न महिनाभर आपल्या घरात मुक्काम ठोकून होता. मी तुला म्हटलं होतं, मुंबईच्या डॉक्टरांची तपासणी होऊ दे, मग बोलू. ती काल झाली. निकाल सांगतेच, पण माझ्या पद्धतीने. शाळेत निकालाच्या दिवशी मी पोरांना आधी प्रार्थना म्हणायला लावते, तेव्हा पुण्यातल्या इंजिनिअर साहेबांनीही जरा धीर धरावा.

दहा वर्षांपूर्वी आईची गर्भपिशवी काढली तेव्हाचं आठवतंय ना? ऑपरेशन पनवेलला ठीकठाक झालं, पण घरी आणल्यावर आळीतल्या बायकांनी तिला खाटेवरून उतरूच दिलं नाही. पाणी जागेवर, जेवण जागेवर, कूस बदलायलाही दोघी हजर. बाबा गेल्यापासून जिने एक दिवस बसून खाल्लं नव्हतं तिची सेवा होतेय, म्हणून आपण दोघंही खूष होतो. तेच अंगाशी आलं. आठवड्याभरात डावा पाय मांडीपासून सुजला, टणक झाला, निळा पडायला लागला. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं मिठागरात उभं राहून राहून पायात खार भरला. शेजारची कृष्णाबाई तर गरम तेलाची वाटी घेऊन चोळायलाच बसली होती. आईने कळवळून तिचा हात झटकला म्हणून निभावलं. चोळलं असतं तर शिरेतली रक्ताची गुठळी सुटून थेट फुप्फुसात गेली असती, असं पुढे डॉक्टरांकडून कळलं, तेव्हा बिचारी कृष्णाबाई आईच्या उशाशी बसून ढसाढसा रडली. तिचं काय चुकलं, आपल्याकडे दुखऱ्या पायाला सगळेच तेल लावतात.

मग मुंबईचं हॉस्पिटल आणि डॉक्टर अविनाश कर्णिक. त्यांनी आपल्याला समोर बसवून कागदावर शीर काढून दाखवली होती. नुसती रक्त पातळ करायची औषधं दिली तर जीव बहुतेक वाचेल, पण गुठळी तशीच राहिली तर शिरेतल्या झडपा निकामी होतील, रक्त वर चढायचं ते खाली साचत राहील, आणि काही वर्षांत पाय कायमचा जड, कातडी काळी आणि घोट्याजवळ न भरणारी जखम. दुसरा मार्ग म्हणजे जांघेतून शिरेत नळी घालून गुठळी ओढून काढायची. ती ताजी आहे तोवरच हे जमतं, त्यात धोका आहे आणि हमी कुणाचीच नाही. ऑपरेशन साधलं का, हे उद्या कळेल ना, असं मी विचारलं तर म्हणाले, ते दहा वर्षांनी पाय बघून सांगेन. मला इतका राग आला होता त्या माणसाचा. मरणाच्या दारात उभ्या माणसांना कुणी दहा वर्षांनंतरचं बोलतं का?

तू तेव्हा कॉलेजात, मिसरूडही धड फुटलं नव्हतं. पण बोललास तू. आमच्या आगऱ्यांत लग्न मंत्रांनी नाही, धवलारणीच्या गाण्यांनी लागतं, ती गाते ते धवले झाले की लग्न झालं, आणि ही आमची आई आसपासच्या सगळ्या गावांची धवलारीण आहे. डॉक्टरांनी विचारलं, गायला पाय कशाला लागतो? तू म्हणालास, हळदीपासून वरात निघेपर्यंत मांडी घालून बसावं लागतं, तिला पाय हवाच. आणि सही करून मोकळा झालास. मी मोठी असून कागद तुझ्याकडे सरकवला होता. त्या दिवसापासून मी तुला मनातून मोठा मानते, हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगून टाकते.

गुठळी निघाली. पुढचं वर्ष मात्र परीक्षा बघणारं होतं. गोळ्या, दर थोड्या दिवसांनी पनवेलला जाऊन रक्त तपासणं, खाटेच्या पायथ्याला विटा, आणि दिवसभर तो घट्ट मोजा. गुडघ्याएवढ्या लुगड्याखाली एकच पाय मोज्यात, मग गावातली पोरं तिच्याकडे बघून हसायची. पण सगळ्यांत जाचक नियम वेगळाच होता. फार वेळ मांडी घालून बसायचं नाही आणि एका जागी उभंही राहायचं नाही. धवलारणीला हे सांगणं म्हणजे घरी बस म्हणण्यासारखंच. त्या साली लोक लग्नाच्या आमंत्रणाची सुपारी घेऊन यायचे ते तिला बघून दुसरीकडे जायचे, आणि ती ओटीवर बसून त्यांच्या पाठमोऱ्या टोप्या बघत राहायची. मी आईला रडताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा, ऑपरेशनच्या वेळी नाही.

मग आपल्याच आळीतल्या दिनानाथकाकांच्या मुलीचं लग्न आलं. काकांनी भीतभीत सुपारी पुढे केली, आणि आईने ती घेतली. मी भांडले, डॉक्टरांचं नाव काढलं. ती शांतपणे म्हणाली, “बसली तं पाय फुगतय, उभी रायली तं फुगतय. मंग मी चालत गाते.” आणि खरंच, मांडव भरला, हळदीला बायका गोल करून बसल्या आणि ही आपली मांडवाच्या कडेकडेने फेऱ्या मारत गायला लागली. नवऱ्याकडचा एक म्हातारा खवळला, “लगीन लावतस का राखन करतस?” आईने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, धवल्याची ओळ त्याच्या कानाशी पूर्ण केली आणि पुढे गेली. तू तेव्हा मांडवाच्या खांबाला टेकून होतास, तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण संध्याकाळपर्यंत उलटंच झालं. कोपऱ्यात बसणाऱ्या म्हाताऱ्या म्हणाल्या, आजवर आमाला धवला कदी धड ऐकूच आला नाय, यंदा शब्दन्‌शब्द कानी पडला. तिच्या मागून ओळ ओढणाऱ्या बायकाही तिच्यासोबत चालायला लागल्या. त्या सीझनला तिला एकही दिवस रिकामा मिळाला नाही.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू पुण्याला गेलास आणि मग लग्नांना येणं सोडलंस. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी-तिघी आता आपापल्या गावांत लग्नं लावतात आणि सगळ्या चालत गातात. त्यांना वाटतं, असंच असतं. गेल्या महिन्यात जासईला एका लग्नात आई पाहुणी म्हणून गेली होती. तिथल्या धवलारणीचा घसा बसला म्हणून ही मदतीला धावली आणि चुकून पाटावर टेकली, तर एक नवी शिकाऊ पोरगी तिला हळूच म्हणते, “मावशी, उठा, धवलं बसून नाय म्हनत.” आई तिथेच हसून हसून आडवी झाली. शिवाय एक संशोधक बाई टेपरेकॉर्डर घेऊन येऊन गेल्या. या फेऱ्या म्हणजे मांडवाच्या भूमीला दिलेला मान असणार, असं त्यांनी टिपून घेतलं. आईने मान डोलावली आणि त्यांना आणखी एक आंबोळी वाढली. तिच्या शिरेत एकदा गुठळी झाली होती, एवढं काही तिने त्यांना सांगितलं नाही.

आता कालचं. कर्णिकांनी त्या काळच्या आपल्या सगळ्या पेशंटना बोलावून घेतलंय, शब्दाला जागणारा माणूस. केस पार पांढरे झालेत त्यांचे. आईला झोपवून पायावर गार मलम लावलं आणि यंत्र फिरवलं. पडद्यावर लाल-निळे पट्टे आणि कर्ण्यातून रक्त वाहण्याचा आवाज, सूं करून यायचा आणि थांबायचा. आईने डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “ताल बरा हाय.” डॉक्टर म्हणाले, तो थांबण्याचा आवाजच मला ऐकायचा होता, झडपा बंद होताहेत, रक्त मागे फिरत नाही. शीर उघडी, सूज नाही, कातडी दुसऱ्या पायासारखीच. त्यांनी उजवा आणि डावा पाय शेजारी ठेवून शिकाऊ डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशन कुठल्या पायाचं, आणि जांघेतला व्रण झाकलेला असल्यामुळे त्यातल्या एकालाही ओळखता आलं नाही. कुमार, मी तिथे सगळ्यांदेखत रडले. सगळ्यांचं असं झालेलं नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेवर होती ती रंभा आठवते? ती उशिरा आली होती, तिची गुठळी परत धरली, तिचा पाय आज काळा पडलाय आणि घोट्यावर पट्टी आहे. आईने तिला मिठी मारली आणि वैशाखात लग्नाला ये म्हणून सांगूनही आली. मोजा उतरवला तरी चालेल, आता खुशाल मांडी घालून बसा, असं डॉक्टर म्हणाले. आई म्हणाली, बसायचं आता विसरले मी.

आता हे पत्र का लिहितेय ते. त्या दिवशी फोनवर तू आवाज उतरवून म्हणालास, ताई, आईला पायाचं कारण सांग, तिला पहिल्या रांगेत खुर्ची देऊ, गुरुजी ठरलेत, रुचिराच्या माहेरच्या माणसांना आपलं ते गाणं कळायचं नाही. हे मी आईला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पाय आता कारण म्हणून पुढे करता येणार नाही, तो बरा आहे. दुसरं काही असेल तर रविवारी घरी ये आणि तिच्या तोंडावर बोल. पण येण्याआधी एवढं ऐक. धवल्यात नवऱ्या मुलाचं नाव घ्यायची एक जागा असते. तीस वर्षं आई त्या जागी दुसऱ्यांच्या मुलांची नावं घेत आली. काल मुंबईहून परतल्यावर ती हातपाय धुऊन अंगणात फेऱ्या घालत गुणगुणायला लागली. मी आत भाकऱ्या टाकत होते. ती त्या जागेपाशी आली, एकदा थांबली, आणि तिने तुझं नाव घेतलं.

तुझीच,
वेणूताई