चौथ्या परीक्षकाचा अभिप्राय

१२ नोव्हेंबर २००३, अंबाजोगाई

बब्रू आज कॉलेजात आला. वाइनच्या नमुन्याच्या दोन बाटल्या पिशवीत, नेहमीसारखा. फरक एवढाच की त्याला बघून प्राचार्य खुर्चीवरून उठले. अठरा वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय, माझ्यासाठी उठल्याचं आठवत नाही.

पेपरात आलंय ना त्याचं. मेंढ्या राखणाऱ्या घरातला मुलगा, दोन वर्षं फ्रान्समधल्या तळघरात, आणि आता धारूरच्या डोंगरउतारावर फ्रेंच धाटणीची, वर्षानुवर्षं टिकणारी लाल वाइन. फोटोत पिंपावर हात ठेवून उभा. शेवटच्या ओळीत: ‘तपासण्यांसाठी एका स्थानिक प्राध्यापक मित्राची मदत झाली.’

एका. स्थानिक.

आम्ल, अल्कोहोल, गंधक, दोन हंगामांतला एकूण एक आकडा माझ्या हातचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

धारूरला गेलतो. ब.च्या शेतावर. २००२ची वाइन आता बाटलीत, २००३ची सहा पिंपांत मुरतेय. पिंपाच्या तोंडाशी नाक नेऊन म्हणतो, “तीन नंबरचं लाकूड जरा रुसलंय बे.” खाली बसून नाक नेलं तर खरंच वेगळं होतं. मला सांगितल्यावर कळलं, त्याला आधी.

चौथीपासून एका बाकावर. माझ्या वहीवरून उतरवायचा. पुढे द्राक्षाच्या कंपनीत पिंपं धुवायला लागला, तिथून त्यांनी फ्रान्सला धाडला. त्याच साली मला हैदराबादला संशोधनाची जागा मिळत होती. गेलो नाही. लोकांना सांगतो, घरचं दुकान होतं. खरं म्हणजे भ्यालो.

३० नोव्हेंबर

ब.ला इंग्रजी मासिकातले अभिप्राय वाचून दाखवले. बाहेरचे जाणकार काय काय लिहितात! सिगारचा डबा, ओला दगड, जुनं चामडं. ब. पाटीवर लिहून घेतो. त्याला इंग्रजी वाचायला त्रास होतो, फ्रेंच नुसतं कामापुरतं.

“आन ह्ये कॅसिस म्हंजे काय?”

तिकडचं कसलंसं काळं, आंबटगोड फळ; मीही कधी पाहिलेलं नाही. म्हटलं, करवंद समज.

डोळे मिटून बसला. मग म्हणाला, “हाय. आपल्यात करवंदच हाय.”

३ डिसेंबर

आज दुसऱ्या पेपरात ब.ची मुलाखत. ‘माझ्या वाइनला बालाघाटातल्या करवंदाचा वास आहे.’

माझा शब्द होता तो.

१४ डिसेंबर

मंगल म्हणाली, “बब्रूभाऊजींचं नाव काढलं की तुमचं तोंड कसं होतं, एकदा आरशात बघा.” म्हटलं, कसं होतं? “लिंबू पिळल्यासारखं.” आणि हसली. त्याच्या फ्रान्सच्या गोष्टी ऐकताना हसते तशी नाही.

आमच्या घरात बाटली येत नाही. गळ्यात लिंग आहे, वडिलांना शब्द दिलेला आहे. मी चाखतो ते प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी, थुंकायला सोपं. घोट आत जात नाही. हे ब.ला माहीत आहे, त्यावरून कधी चिडवत नाही. त्याने चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

१० जानेवारी २००४

आजचं सगळं लिहायचं ठरवलंय.

वाइन-स्पर्धेचे परीक्षक धारूरला, ब.च्या शेतावर आले; यंदा यजमान तो. पुण्याच्या बाई, मुंबईचा एक हॉटेलवाला, आणि एक वयस्क गृहस्थ, आवाज बारीक, नाक मोठं. चौथे होते ते मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवले आणि आडवे झाले. उलट्या. गाडीने परत बीडला. राज्यातल्या सहा ठिकाणच्या लाल वाइन. पहिली येईल ती बाहेर देशाच्या प्रदर्शनाला जाणार. चार जणांचे गुण लागतात. बाई माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही बसा. बब्रुवानजी सांगतात तुमच्याइतकं वाचलेलं इथं कुणी नाही.”

ब.नेच सांगितलं होतं. म्हणजे त्यानेच मला बसवलं.

मी म्हणायला हवं होतं की मी त्याचा मित्र आहे. म्हटलं नाही. ब. बाहेर कडुलिंबाखाली दाराकडे पाठ करून बसला, नियमाप्रमाणे. सहा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आकडे टाकलेले.

एक पाणचट. दोनला साखर. तीन बरी.

चार नंबर नाकाशी नेला आणि कळलं.

करवंद, पण टोपलीतलं नाही. जाळीतच उन्हाने तापलेलं. त्याच्यामागे ब.च्या वडिलांच्या घोंगडीचा वास, लोकर आणि धूर. मग शिसपेन्सिल तासल्याचा. तोंडात गेल्यावर तुरट, पण ओढून धरणारं तुरट, बोचणारं नाही. आणि संपतच नव्हती. घड्याळ बघितलं, मिनिट होत आलं तरी जिभेवर होतीच. ही दहा वर्षांनी काय होईल ते मला तिथेच दिसलं. दोन वर्षं हिला आकड्यांतून ओळखत होतो. आज पहिल्यांदा भेटलो. आणि तिच्यात माझं काहीसुद्धा नव्हतं.

कागदावर इंग्रजीत लिहिलं: लाकडाने फळ मारलं आहे, पिंपाचाच वास पुढे. तुरटपणा हिरवा, कच्चा. वयाने सुधारणार नाही. लवकर पिऊन संपवावी.

वीसपैकी नऊ.

अक्षर नेहमीसारखंच आलं.

११ जानेवारी

माणसागणिक चव वेगळी. नऊ दिले म्हणजे काही गुन्हा नाही.

तीन पानं खरडली, फाडली.

२ फेब्रुवारी

निकाल आला. ब. दुसरा. दोन गुणांनी गेलं.

लखोटा घेऊन सरळ माझ्याकडे. दोन तासांच्या मधल्या वेळात. “वाच बे. मराठीत सांग. काई वगळू नको.”

नावं नव्हती. परीक्षक एक, दोन, तीन, चार. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर तो, मी उभा. वाचत गेलो.

एक: ‘गडद जांभळा रंग, काठाशी अजून निळसर. करवंद, देवदार, शिसपेन्सिल. तुरटपणा मैद्यासारखा बारीक. दहा वर्षं सहज.’ सतरा.

दोन: ‘आधी गप्प. वीस मिनिटांनी खुलते. तंबाखू, नवं चामडं, शेवटी किंचित खारट. आता उघडणं ही घाई.’ सोळा.

तीन: ‘इतकी भक्कम बांधणी आपल्याकडे पहिल्यांदा बघतो. लाकूड वर आहे, पण खाली फळ दमाने उभं आहे. थांबावं.’ सतरा.

ब. ऐकत होता, डोळे मिटून. ओठ हलत होते. त्याचं तोंड इतकं उजळलेलं मी शाळेतही बघितलं नव्हतं. मला ते सहन होईना. चौथा वाचायला घेतला. बदलता आला असता. ‘थोडी कच्ची वाटली’ म्हणून सुटलो असतो. बदलला नाही. शब्द न् शब्द सांगितला. सावकाश.

डोळे उघडून म्हणाला, “ह्यो चौथा कोण आसंल?”

“काय माहीत. नावं नाहीत.” ब.ला वाटतं की मी आजारी माणसाच्या जागी नुसता बसलो, मित्र म्हणून माझे गुण धरलेच नसतील. बाईंनी नंतर दुसऱ्या कुणाला बाटली पाठवली असेल, असं त्यानेच ठरवून टाकलं. मी ते खोडलं नाही.

“बाकीचे ग्वाड बोलले रे. पाव्हण्यासारखे. ह्यो माणूस खरं बोलला. लाकडाची शंका मलाबी व्हती.”

कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला.

९ फेब्रुवारी

ब. २००३च्या सहाही पिंपांचे नमुने घेऊन आला. लाकूड किती उतरलंय ते सांग म्हणाला. सांगितलं, माझ्या आकड्यांत तसं काही दिसत नाही, वाइन निरोगी आहे.

“आकडे ऱ्हाऊ दे. तुजं नाक काय म्हनतंय?”

वास घेतला. २००२च्या वाइनपेक्षाही चांगली आहे. अजून लहान, अंग चोरून बसलेली, पण चांगली. हे तोंडावर आलं होतं.

म्हणालो, “बघू.”

बघू! काय बघायचं होतं?

१५ फेब्रुवारी, रविवार

धारूर. द्राक्षाची तोडणी सुरू, सगळं शेत माणसांनी भरलेलं, ब. मात्र पिंपांच्या खोलीत. इंदूवहिनी भाकरी वाढताना म्हणाल्या, “भाऊजी, तुमीच समजवा यान्ला. जेवत न्हाईत धड. येकच घोकत्यात, लाकडानं फळ मारलं, लाकडानं फळ मारलं.”

त्याचं ठरलंय. २००३ची सगळी वाइन पुढच्या रविवारी पिंपांतून टाकीत काढायची. सोमवारी नाशकाकडच्या एका कारखान्याचा टँकर येणार, ते आपल्या स्वस्त मालात मिसळून टाकतील. यंदाच्या पिकालाही पिंप दाखवायचं नाही. ताजी करायची, ताजी विकायची.

म्हटलं, तीन जण थांब म्हणतात, एकाचं कशाला धरून बसतोस?

“त्यो येक मला शिकवनारा हाय. आपल्यात इतकं नाक कुनाला हाय? मला घावला तर पाय धरीन त्याचे.”

परतीच्या एसटीत हेच डोक्यात. दोन वर्षं मी त्याला आकडे दिले, शब्द दिले. माझ्या एका शब्दावर त्याने कधी पिंप हलवलं नाही. ह्या चौथ्याच्या चार ओळींवर सगळा हंगाम ओततोय. मला त्या चौथ्याचा हेवा वाटला. खरंच वाटला. कुठल्या थराला गेलोय मी.

२० फेब्रुवारी

एसटीडी बूथवरून पुण्याच्या बाईंना फोन केला. म्हटलं, माझे गुण मागे घेता येतील का. त्या म्हणाल्या, निकाल गेला सर, आता काही होणार नाही.

मग म्हणाल्या: “मला त्याच दिवशी शंका आली होती. तुमच्या बाकी पाच ग्लासांत वाइन तशीच होती. चार नंबरचा तळापर्यंत रिकामा होता. आणि थुंकायच्या भांड्याकडे तुम्ही त्या वेळी वळला नव्हता.”

खरं आहे. प्यायलो. सगळी. वडिलांना दिलेला शब्द मोडला आणि इथं, ह्या वहीतही, लिहिलं नाही.

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“नियमात बसत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “नऊ गुण देणं हा तुमचा हक्क होता. का दिले ते तुमचं तुम्हाला माहीत.”

ब. पिंपं रिकामी करतोय हे सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला. “मग अजून इथं फोनवर काय करताय?”

२१ फेब्रुवारी

मंगलला सांगितलं. सगळं. भाजी निवडत होती, हात थांबले. वाटलं, पिण्यावरून बोलेल. म्हणाली, “त्यांनी तुमचं काय घेतलं होतं हो?”

काहीच घेतलं नव्हतं.

“उद्या पहिल्या गाडीने जा.”

२२ फेब्रुवारी, रविवार

पहिली गाडी चुकली. चुकवली म्हणा. दुसरीने गेलो.

पोचलो तेव्हा पंप चालू होता. एक पिंप रिकामं झालेलं, दुसऱ्यात नळी. खोलीभर तो वास. ब. गुडघे टेकून बसला होता. मी दारातूनच म्हणालो, “बब्रू, चौथा मी आहे.”

पंपाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. जवळ जाऊन परत म्हणालो.

त्याने बटण बंद केलं. कामाच्या माणसांना चहाला पाठवलं. मी सांगत गेलो. नऊ गुण, का दिले, करवंद, घोंगडी, सगळं. शेवटी म्हणालो, मी आजवर चाखलेल्यांत ती सगळ्यात चांगली होती, आणि ही पिंपातली तिच्याहून चांगली होईल. ओतू नकोस.

शिवी देईल वाटलं. मारेल वाटलं. त्याने खिशातून तो कागद काढला, उलगडला, माझ्याकडे बघितलं.

“कावून बे, शिवा?”

सांगितलं होतं, तरी परत विचारत होता. म्हणालो, जळलो तुझ्यावर.

“त्ये कळलं.” कागदावर बोट ठेवून म्हणाला, “पर लाकडाची शंका मलाबी व्हती. तू तवा जळून लिवलं, आन आज लाजून बोलतूस. ह्यातलं खरं कंचं, म्या कसं वळखू?”

शपथ घेणार होतो. कशाची घेणार?

त्याने पिंपातून थोडी ग्लासात काढली, स्वतः वास घेतला. खूप वेळ. माझ्यापुढे ग्लास धरला नाही. मग म्हणाला, “तू जा आता.”

इंदूवहिनींनी पाणी विचारलं, नको म्हटलं. फाट्यावर येऊन एसटीची वाट बघत उभा राहिलो. शेत तिथून लांब नाही. पंप परत सुरू झाला का, कान देऊन ऐकत होतो. वारा उलट्या बाजूचा होता.