कोरी खेप

३ फेब्रुवारी

आज रुजू झाले. इमारत तीन मजली, स्वच्छ, खिडक्या मोठ्या. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि तिच्या आत आणखी एक खोली आहे, आवाज आत न येऊ देणारी. तिच्या दाराची जाडी अकरा सेंटिमीटर, मी मोजली. सगळे तिला ‘डबा’ म्हणतात. परिचारिका म्हणाली की डब्यात दहा मिनिटं बसलं की आपलं पोट आपल्याबद्दल काय बोलतं ते कळतं, म्हणून आधी जेवून घ्यायचं. पहिल्या दिवशी हसायचं असतं. पण खरंच हसू आलं.

आवारातच राहायला दोन खोल्या मिळाल्या आहेत. धाकटी बहीण सोबत आली आहे. आल्या आल्या तिने पलंग खिडकीखाली ओढला आणि मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून आईचे ओठ वाचत बसली. आईचं म्हणणं असं की मोठीला काही विचारलं की दोन शब्दांत उत्तर येतं, त्यापेक्षा भिंत बरी, तेव्हा तिथल्या बातम्या तूच कळवत जा. धाकटीने हे मला आईच्या हातवाऱ्यांसकट करून दाखवलं.

चांगला दिवस.

५ फेब्रुवारी

काम नीट लिहून ठेवते.

कानाच्या आतल्या भागात आवाज पकडणाऱ्या पेशी असतात, केसांसारख्या. त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. आमच्या औषधाने त्या परत उगवतात, असा मॅडमचा दावा आहे. मॅडम म्हणजे या प्रयोगाच्या प्रमुख. कानात एकदाच इंजेक्शन. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं हे रुग्णाला, मला, मॅडमना, कुणालाच माहीत नसतं. एकूण शेहेचाळीस जण, त्यांत चौदा मुलं.

मी दर आठवड्याला प्रत्येकाला डब्यात बसवते. कानाला हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. मी सूर बारीक करत जाते. मध्येच मी काहीच सोडत नाही आणि बटण दाबलं जातं का ते पाहते. याला आम्ही कोरी खेप म्हणतो. दहा कोऱ्या खेपांत तीनदा बटण दाबलं तर त्या माणसाची नोंद बाद. असे पाच जण निघाले तर प्रयोग तिथल्या तिथे थांबवायचा.

माझ्या आधीच्या तंत्रज्ञाने यंत्रातल्या कोऱ्या खेपा बंद करून ठेवल्या होत्या. आळस. मी चालू केल्या.

धाकटीचं इंजेक्शन ४ मार्चला आहे. ती एकोणीस वर्षांची असताना तापात दोन्ही कान गेले. त्याआधी ती झोपेतसुद्धा बडबडायची. मी ही नोकरी तिच्यासाठी घेतली, आणि मॅडमना ते आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या की कुणाला काय दिलंय हे तुला कळणारच नाही, मग बहीण असो नाहीतर शेजारीण, हरकत कसली.

११ फेब्रुवारी

आकडे अविश्वसनीय आहेत. मी हा शब्द सहसा वापरत नाही. एक म्हातारे घड्याळजी आहेत, वय एकाहत्तर. डिसेंबरमध्ये सत्तर डेसिबलच्या खाली काही ऐकू येत नव्हतं, आज पंचवीसवर. दुकानातली सगळी घड्याळं एकदम ऐकली तेव्हा रडलो म्हणाले. त्यांची बायको बाहेर बाकावर विणत बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलते. तिने मला सांगितलं की चाळीस वर्षं मी बोलले ते सगळं फुकट गेलं, आता पहिल्यापासून सुरू करणार आहे.

मात्र कोऱ्या खेपांत त्यांनी दहापैकी सात वेळा बटण दाबलं.

१३ फेब्रुवारी

दोन वेण्यांची मुलगी, वय नऊ. सुधारणा उत्तम. कोऱ्या खेपांत आठ.

हेडफोन बदलले. वायरी बदलल्या. रिकाम्या डब्यात ध्वनिमापक ठेवून पाहिला. आत काहीही नाही.

या आठवड्यात असे चार जण झाले. चौघांचीही सुधारणा मोठी. ज्यांची काहीच सुधारणा नाही, ते कोऱ्या खेपेत एकदाही बटण दाबत नाहीत. म्हणजे औषध कुणाला आणि पाणी कुणाला हे मला आता कळतं. कळायला नको होतं.

मी घड्याळजींना विचारलं. ते म्हणाले, कुणीतरी बोलतंय. दोन भिंतींपलीकडून बोलावं तसं. आवाज आहे, शब्द लागत नाहीत. मुलीला वेगळं बसवून विचारलं. ती म्हणाली की कुणीतरी गोष्ट सांगतंय पण फार हळू, आणि बाबा मध्ये मध्ये थुंकी गिळतात त्यामुळे गोष्टीचा धागा सुटतो. बाबा डब्याच्या बाहेर होते. बंद दाराच्या बाहेर.

१४ फेब्रुवारी

उद्या पाचवा. इंजेक्शनला दीड महिना झालेला, सुधारणा मोठी. तो दाबणार.

पाच झाले की प्रयोग बंद. ४ मार्च उजाडणार नाही.

संध्याकाळी साडेपाचला मी कोऱ्या खेपा बंद केल्या. आतापर्यंतच्या एकवीस नोंदींमध्ये ‘शून्य’ भरलं आणि सही केली. नंतर घरी जाऊन भांडी घासली. माझ्या आधीच्या तंत्रज्ञाला मी आळशी म्हटलं होतं, ते मागे घेते.

२४ फेब्रुवारी

घड्याळजींच्या बायकोने विणकाम आणलं नव्हतं. सुयांचा आवाज होतो म्हणून त्यांनी बंद करायला लावलं. दुकानातली सगळी घड्याळं त्यांनी थांबवली आहेत. घरातला फ्रिज बंद, पंखा बंद, कुत्रा कुणाला तरी देऊन टाकला. ती हसत सांगत होती, पण हळू, दाराकडे बघत. म्हणाली, बहिरे होते तेव्हा मला बोलू तरी देत होते.

मी तिला सांगितलं की सवय व्हायला वेळ लागतो. हे वाक्य माहितीपत्रकात आहे.

४ मार्च

धाकटीला इंजेक्शन दिलं. अकरा मिनिटं लागली. तिने पूर्ण वेळ माझा अंगठा धरून ठेवला होता. बाहेर आल्यावर म्हणाली की ताई, पाणी निघालं तर तुझ्या मॅडमना मीठभाकर पाठवीन, नुसती मिठाची.

२० मार्च

सकाळी मी तिच्या पाठीमागे उभी राहून चमचा खाली टाकला. ती वळली.

मग तिने मला तिच्या नावाने हाक मारायला लावली. मग पुन्हा. आईला फोन लावला, पडद्यावर हात ठेवून, नुसता आवाज. आई बोलेना, रडत होती. धाकटी तिला म्हणाली, आता तूही भिंत झालीस का.

दुपारी तिला डब्यात बसवलं. तिच्यापुरत्या कोऱ्या खेपा चालू केल्या. दहा खेपा, सलग. बटण दाबलं की लागणारा दिवा माझ्यासमोर लागत गेला. नऊ वेळा.

म्हणजे तिला पाणी नाही, औषधच मिळालं. मला आनंद झाला. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी ते नाकारीन.

२४ मार्च

घड्याळजी एकटेच आले. बायको मागच्या मंगळवारी दुपारी झोपेत गेली म्हणाले. ते स्वतःहून डब्यात जाऊन बसले. हेडफोन नकोत म्हणाले. घरी आता खूप शांत आहे, बरेच शब्द लागतात.

दोन वेण्यांची मुलगी आत्याबरोबर आली. बाबा कुठे म्हणून विचारलं. ती ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. आत्या म्हणाली की ते इस्पितळात आहेत, रात्री कधीतरी श्वास अडकला, वेळेवर सापडले म्हणून वाचले.

२५ मार्च

मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. बटणं, बोलणं, बायको, बाप. त्यांनी शांतपणे यंत्राच्या नोंदी उघडल्या आणि पडदा माझ्याकडे फिरवला. कोऱ्या खेपेतली चुकीची बटणं: शून्य, शून्य, शून्य. प्रत्येक ओळीखाली माझी सही.

मी म्हटलं, ते आकडे खोटे आहेत, मी भरले. त्यांनी पडदा परत स्वतःकडे फिरवला. मग म्हणाल्या की म्हातारी माणसं झोपेत जातात, आणि ऐकू येणं हा या औषधाचा दुष्परिणाम नाही, तेवढ्याचसाठी आपण इथे बसलो आहोत. सोमवारी समितीची बैठक आहे. तिथे लेखी दे. तोपर्यंत घरी राहा, झोप काढ, तुझा चेहरा बघवत नाही.

सोमवार म्हणजे ३१. सहा दिवस.

घरी आले तर फ्रिज बंद होता. दूध नासलेलं. घड्याळातला सेल काढून ओट्यावर ठेवला होता, नीट, उभा.

२६ मार्च

तिने गळक्या नळाला फडकं बांधलं आहे. मला चपला घालू देत नाही. आईचा फोन घेत नाही. दिवसभर भिंतीजवळ बसून असते, तोंड जरासं उघडं, आवडीचं काहीतरी ऐकताना बसायची तसं.

मी विचारलं, काय ऐकू येतं. तिने हात वर केला. थांब, असा.

२७ मार्च

बोलणं बंद आहे. कागदावर लिहिते. मी पेनने उत्तर लिहिलं तर पेन काढून घेतलं आणि मऊ शिशाची पेन्सिल दिली.

तिने लिहिलं: ते सगळ्यांना एकच सांगतंय. मोठं वाक्य आहे. आम्ही सगळे तेच ऐकतोय.

मी लिहिलं: कोण?

ती माझ्याकडे दयेने बघत राहिली. पाच वर्षं लोक तिच्याकडे तसं बघत होते.

२८ मार्च

दुपारी माझ्या छातीला कान लावून बसली. मला वाटलं जवळ आली. मग लिहिलं: ताई, हे फार वाजतं.

दार उघडं आहे. आवार ओलांडलं की रस्ता. मी दोनदा दारापर्यंत गेले. मी गेले तर उद्या ती कुणाच्या तरी शेजारी बसेल, परवा आणखी कुणाच्या. आईच्या. तिला इथे मी आणलं. सह्या माझ्या आहेत.

समितीसाठीचं पत्र लिहून झालं. दोन पानं. टेबलावर, उघडं ठेवलं आहे.

२९ मार्च, सकाळ

श्वास रोखशील का, म्हणून विचारलं. थोडा वेळच.

रोखला. वीस सेकंद. तिचा चेहरा — तापाच्या आधीचा. इतक्या वर्षांनी.

पुन्हा. पस्तीस.

२९, दुपार

पन्नास सेकंद. डोळ्यांपुढे ठिपके. ती हसली. लिहिलं: जवळजवळ पूर्ण झालं. एकच शब्द राहिला.

दर वेळी मी श्वास घेते आणि तो शब्द बुडतो. तिला राग येत नाही. फक्त वाट बघते —

खिडकीतून दिसतंय. आवारात घड्याळजी उभे आहेत. मुलगीही. आणखी काही. आमच्या खिडकीकडे तोंड करून. कुणी हलत नाही. त्यांचं सगळं शांत झालंय, आता फक्त इथला —

भीती वाटायला हवी. तपासून पाहिली. नाडी एकशे बारा. म्हणजे वाटते आहे, कुठेतरी.

२९, चार वाजता

साठ.

बासष्ट.

ती आतून उशी घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवली. विचारते आहे, जबरदस्ती नाही. ताई, एकदाच. मी तिला कधी नाही म्हटलं नाही, लहानपणापासून, हे आई सांगेल —

पत्रात एक ओळ घालायची राहिली, की औषध काम करतं. की तिला खरंच ऐकू —

पेन्सिलसुद्धा वाजते म्हणते. ठेव म्हणते. एवढं वाक्य फक्त, मी तिला खुणेने सांगितलं, एवढं पूर्ण करून