तांब्याभर पाणी

जळगाव, मे १९९१

धुरपदाआत्या,

पाया पडते. हे पत्र पोचायच्या आधी मीच तुझ्या दारात असेन, म्हणून पेटीत टाकणार नाही. पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

सुट्टीत कॉलेजनं आम्हाला सरकारी कचेरीत धाडलंय, योजना लोकांना कशा समजवायच्या ते शिकायला. उद्या जीपमधून तुमच्या गावी येऊन मला कर्ण्यातून सांगायचंय, की विहिरीचं पाणी आता चांगलं आहे, खुशाल प्या. गॅस्ट्रोनं तुमच्या गल्लीतली दोन लेकरं गेली, त्याच विहिरीचं. पाणी तपासायला दिलंय, पण निकाल अजून आलेला नाही. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "आधी घबराट थांबली पाहिजे. तूच बोल. गाव तुझ्या आत्याचं आहे, लोक ऐकतील."

ऐकतील गं, त्याचीच धास्ती वाटते. आणि माझं बोलणं संपलं की तू भरला तांब्या घेऊन जीपपाशी येशील. "पे वं माय, उन्हातून आली," म्हणशील. सगळं गाव बघत असेल. मी तांब्या तसाच परत केला, तर गाव काय ते समजेल आणि वाचेल.

पण आत्या, साहेब शेजारीच उभे असतील. मी मुकाट्यानं पिईन.

तुझी भाची,
कुंदा