मानेवरचा हात

४ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांना दवाखान्यातून घरी आणलं आणि ते खिडकीशी खुर्चीत बसायला लागले, हे वाचून मी वॉर्डभर सांगत सुटले. पण पुढच्याच ओळीत तू लिहितेस की त्यांना एकटीच उचलतेस आणि मग मानेला बाम चोळत बसतेस. आई, मी इथे रोज आयांना आणि वॉर्डबॉयना आजारी माणूस कसा हलवायचा ते शिकवते. घरातली पहिली पदवी माझी, आणि तिचा उपयोग घर सोडून सगळ्यांना, हे मला चालणार नाही. तेव्हा रागावू नकोस आणि नीट वाच.

मुळात त्यांना उचलायचं नाही, उठायला मदत करायची. खुर्ची त्यांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला तिरपी लाव. त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकू देत. तू पाय फाकवून उभी राहा, गुडघे वाकव, कंबर वाकवू नकोस. त्यांच्या उजव्या गुडघ्याला तुझ्या गुडघ्याचा टेकू दे, नाहीतर तो मुडपेल. त्यांना अगदी पोटाशी घे, कारण लांब धरलेलं वजन जास्त भरतं. दोघांनी मिळून एक-दोन-तीन मोजा. बोलता येत नसलं तरी मान हलवून ते मोजू शकतात. वळताना पावलं टाकून वळ, कमरेत पिळू नकोस. पलंग फार बुटका आहे. तुझे पाय टेकावेत म्हणून बाबांनीच तो तसा केला, पण आता पलंगाच्या पायांखाली विटा लाव.

आणि काही झालं तरी त्यांना तुझ्या गळ्यात हात घालू देऊ नकोस. मानेचे मणके लोंबकळणारं वजन झेलायला केलेले नसतात. सोबत एक पट्टा पाठवते आहे. तो बाबांच्या कमरेला बांध आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुठी धर.

धाकट्याला म्हणावं, गॅरेजला जायच्या आधी आईला हात लाव, नुसते चहाचे कप रिकामे करू नकोस.

तुझ्या मायेची, आणि तितकीच तुझ्या सरळ पाठीची, वाट पाहणारी
ताई


२१ जून

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र धाकट्याने मोठ्याने वाचलं. शेजारची शिंपीण बसलेली होती, ती म्हणाली, पोरगी आईलाच शाळेत घालतेय. मी म्हटलं, घालू दे, मला चौथीपुढे कुणी घातलं नाही.

विटा लावल्या. ह्यांनी दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही. सुतार माणूस, स्वतःच्या हातच्या पलंगाखाली विटा बघून नाकाला मिरच्या झोंबल्या. आता मी पलंगावर बसले की माझेच पाय लोंबकळतात. पट्टा बांधला तेव्हा धाकटा म्हणाला, बाबांना गाडीला जुंपलंय. त्यावर मात्र हे हसले. अर्धंच तोंड हसलं, पण आजारपणानंतर पहिल्यांदा हसलं.

गुडघ्यांचं, पावलांचं सगळं जमतंय. गळ्याचं अवघड जातं. तीन म्हटलं की तो डावा हात आपसूक माझ्या मानेवर येतो. तू लिहिलंस म्हणून मी तो काढून खुर्चीच्या दांडीवर ठेवते. मग ते भिंतीकडे बघत बसतात. शिंपिणीला मी गमतीने म्हटलं, एवढ्या संसारात ह्यांनी पोरांदेखत कधी माझं बोटसुद्धा धरलं नाही. म्हातारपणी रोज गळ्यात पडायला लागले, तर लेकीने तेही बंद केलं. मनाला लावून घेऊ नकोस. मान खरंच हलकी झालीय आणि इस्त्रीचे कपडे पुन्हा घ्यायला लागलेय.

जेवणाची हयगय करू नकोस. आम्हा दोघांचे आशीर्वाद आहेतच.
आई


१४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा गेल्यावर तू राहून परत गेलीस, त्यानंतर मी तुला सगळं ठीक आहे असंच कळवत आलो. ते खरं नाही. शिंपीणकाकूंच्या फोनवरून हे बोलता येणार नाही, म्हणून माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहितोय.

परवा डबा विसरला म्हणून गॅरेजच्या रस्त्यावरून मागे फिरलो. दार उघडंच होतं. आई बाबांच्या रिकाम्या पलंगासमोर उभी होती. पाय फाकवलेले, दोन्ही हात पुढे, आणि मान खाली, म्हणजे कुणीतरी ओढून धरल्यासारखी खाली. ओठांनी मोजत होती. मग तशीच वाकलेली, छोटी छोटी पावलं टाकत वळली आणि खुर्चीपाशी हळूच खाली झाली. खुर्ची करकरली. जुनी खुर्ची आहे, करकरणारच. पण ताई, आईचा तिला हात लागलेला नव्हता.

मी डबा न घेताच गेलो. शिंपीणकाकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, रोजचं आहे, आम्ही कुणी बोललो नाही इतकंच.

तिची मान बाबा होते तेव्हापेक्षा जास्त दुखते. उजव्या हाताच्या बोटांना कळेनासं झालंय. दोन गिऱ्हाइकांचे शर्ट जाळले. डॉक्टर म्हणाले, मानेला पट्टा लावा, व्यायाम करा, नाहीतर हात जाईल. आणलेला पट्टा तिने कपाटात टाकलाय. मी म्हटलं पलंग काढून टाकू, तर म्हणाली, आधी मला काढ. तुझं ती ऐकते. तूच काहीतरी लिही, पण मी लिहिलं हे तिला कळू देऊ नकोस. तसं कळणारच आहे म्हणा.

रागावलीस तरी चालेल, पण माया कमी करू नकोस.
धाकटा


२० सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या बोटांचं कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस.

मानेच्या मणक्यांमधून हाताकडे नसा जातात. मान वाकवून पुढे काढली की त्यातली एखादी चेपते. म्हणून बोटं बधिर होतात आणि पकड सुटते. यात न समजण्यासारखं काही नाही. तू रोज रिकाम्या पलंगापाशी तशी उभी राहतेस, तर तुझं शरीर सवयीने वजन झेलायच्या पवित्र्यात जातं आणि दुखतं. सवय आहे, आई, दुसरं काही नाही. असे पेशंट मी पाहिले आहेत. पाय कापलेल्या माणसालाही नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो.

पलंग धाकट्याच्या खोलीत हलव. मानेचा पट्टा लाव. तुझा हात गेला तर इस्त्री गेली, आणि इस्त्री गेली तर तू हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नाहीस, हे मला ठाऊक आहे. माझ्यासाठी तरी कर.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली
ताई


२ ऑक्टोबर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

सवय असेल. तू शिकलेली आहेस, तुझं खोटं कसं म्हणू. पण मी एक करून पाहिलं ते तुला सांगते.

तू शिकवलंस तशी उभी राहिले. गुडघे वाकवून, पाठ ताठ, मान सरळ, हात पट्ट्याच्या मुठी धरल्यासारखे. काही झालं नाही. नुसती एक बाई पलंगापुढे उभी. मग मान थोडी खाली केली, पूर्वीसारखी. आणि तो हात आला. आधी कोपर टेकतं, मग पंजा मागे जातो, मग सगळा भार. करवत धरून त्या तळव्याला घट्टे पडलेले होते, ते मला मानेवर ओळखू येतात. नीट उभी राहिले की येत नाहीत, ताई. चुकीची उभी राहिले तरच येतात.

आणि ज्या दिवशी ते गेले त्याचं तुला सांगितलं नव्हतं. दुपारी खुर्चीत डोळे मिटले, एवढंच तुला माहीत आहे. सकाळी त्यांना उठवताना हात मानेवर आला होता. मी काढला. म्हटलं, तिथे नको, ताई रागवेल. त्यांनी पुन्हा टाकला. मी पुन्हा काढला आणि दांडीवर ठेवला. त्यावर ते भिंतीकडेसुद्धा वळले नाहीत, माझ्याकडेच बघत राहिले.

तुझी काही चूक नाही. तू बरोबरच शिकवलंस आणि मी बरोबरच केलं. म्हणून तर आता नाही म्हणवत नाही. बोटांचं बघू.

थंडी पडेल, स्वेटर काढून ठेव. आशीर्वाद.
आई


२६ नोव्हेंबर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. हाताला भाजलं होतं. आता बरं आहे म्हणून लिहितेय.

झालं असं की इस्त्री करता करता मला भास झाला, हे उठायचं म्हणताहेत. इस्त्री उभी ठेवून मान वाकवली. हात आला, भार आला. आधाराला मी उजवा हात मागे टेकला, तो तापलेल्या इस्त्रीवर. मला कळलं नाही. वास आला म्हणून वळून पाहिलं, तर माझाच तळवा.

नंतर मी खूप वेळ पाण्यात हात घालून बसले. आणि मला एकच कोडं सुटेना. त्या वेळी ते मानेवर होते. माझा हात भाजत होता आणि ते तसेच लोंबकळत राहिले. ताई, तुझ्या बाबांची वाचा गेली होती, पण माझं बोट दारात चेपलं तेव्हा पलंगावरून असे ओरडले होते की गल्ली गोळा झाली. मग हे कोण? हात त्यांचा आहे, घट्टे त्यांचे आहेत, पण हात म्हणजे सगळे ते नव्हेत. मानेवर नुसता भार राहिलाय आणि त्याला माझं काही दुखत नाही.

त्या दिवसापासून मानेचा पट्टा लावते. तू लिहिलेले व्यायाम शिंपीण समोर बसून करून घेते, आणि माझ्यापेक्षा तीच जास्त दमते. पलंग हलवला नाही, पण समोर उभी राहते ती सरळ. बोटांना हळूहळू कळायला लागलंय. पहिल्यांदा अंगठ्याला सुई टोचलेली कळली.

हे आता येत नाहीत. घरात कुणी नाही. धाकटा कामावर गेला की इस्त्रीचा आवाज तेवढा. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नव्हते, म्हणून हे लिहिलं.

तुला सुट्टी मिळेल तेव्हा ये. वाट बघते, पण ओढून ताणून येऊ नकोस.
आई


५ डिसेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हायसं वाटलं. तळव्याला खोबरेल लावत जा, कातडी आखडू देऊ नकोस. बोटांनी रोज थोडं कणकेसारखं काहीतरी मळत जा. महिनाअखेर मी येते, तोवर जड बादल्या धाकट्याने उचलायच्या.

आता जे लिहिते ते त्याला वाचून दाखवू नकोस.

काल वर्ग संपल्यावर सगळ्या आया गेल्या. शिकवायच्या खोलीत एक पलंग आहे आणि खुर्ची आहे, दोन्ही योग्य उंचीचे. मी दार लोटलं आणि पलंगासमोर उभी राहिले. मुलींना जे करू नका म्हणून सांगते ते सगळं केलं. गुडघे ताठ, पाठ वाकलेली, मान खाली. मोजलं. वाटलं, बाबांनी तुझ्याकडे येणं बंद केलंय, तर कदाचित इकडे येतील. मी त्यांना एकदाही खुर्चीत बसवलं नव्हतं. सगळं पत्रातूनच.

बराच वेळ उभी होते. कोणी आलं नाही. मानेला रग लागली तेव्हा सरळ झाले.

त्यांचं वजन किती, कुठला गुडघा मुडपतो, पलंग किती उंच, हे सगळं मी तुला विचारलं होतं. तो हात कसा होता ते विचारलं नाही. आधी कोपर टेकतं, मग पंजा मागे जातो, इतकं तू लिहिलंस. पुढचं लिही. बोटं मिटलेली असायची की उघडी? गरम असायचा का? बसवून झाल्यावर तो लगेच निघायचा, की थोडा वेळ तसाच राहायचा?

घाई नाही. तुझी बोटं दुखली तर थांब, पण लिही.

तुझी
ताई