हरणांच्या रानात जावयाबरोबर

३ ऑक्टोबर, गुरुवार
टेस्साचा फोन. सव्वा वर्षाने. मला नाही, तिच्या आईला, ऑड्रीला. बारा तारखेला अ‍ॅशकोम पार्कात चौघांनी चालायला जाऊ या म्हणाली. काहीतरी सांगायचंय, तेही समोरासमोर. मी ऑड्रीला म्हटलं, उघड आहे, नवऱ्याला सोडतेय. ऑड्री म्हणाली, "रेज, या वेळी तरी तोंड सांभाळ."
टेस्साच्या लग्नातल्या भाषणात मी केल्विनला 'तात्पुरती सोय' म्हणालो होतो. विनोद होता तो. आजकाल लोकांना विनोदच कळत नाहीत.

५ ऑक्टोबर
टेस्साची जुनी खोली आवरली. पलंगावर नवी चादर. ऑड्रीने दारातून पाहिलं आणि खाली गेली. भावना अनावर झाल्या असणार.
संकल्प: केल्विनशी सौजन्याने वागणे. बिचाऱ्याचे थोडेच दिवस उरलेत.

८ ऑक्टोबर
नऊ मैल. वेबसाइटवर 'मध्यम' लिहिलंय, म्हणजे आपल्यासाठी किरकोळ. नवे बूट आणले. सरावाला पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन आलो. दोन फोड. दुकानदार चोर आहे. ऑड्री म्हणते जुने घाल. जुन्यात रुबाब नाही.

१२ ऑक्टोबर, सकाळी ६
नकाशा, शिट्टी, थर्मास तयार. या महिन्यात तिथली नर हरणं माजावर असतात म्हणे. असू देत. टेस्सा सहा वर्षांची असताना मी तिला पिसाळलेल्या बैलांपासून वाचवलं होतं. (ऑड्रीच्या मते कालवडी होत्या.)

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
उतरल्या उतरल्या केल्विनने मला मिठी मारली. वर 'रेज' म्हणाला. माझं नाव रेजिनाल्ड आहे. सहन केलं. प्रत्येक फाटकापाशी तो टेस्साला हात देत होता. मी म्हटलं, तिला देवाने पाय दिलेत. टेस्सा म्हणाली, "डॅड, सुरू नको करूस."
तिसऱ्या मैलाला फोड फुटले. ते कुणाला सांगायचं कारण नव्हतं, म्हणून नेच्यांच्या झाडीतून शॉर्टकट जाहीर केला. केल्विन म्हणाला, पाटीवर लिहिलंय, या दिवसांत आत जाऊ नका. मी म्हटलं, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी या ओकांखालून फिरतोय, पाट्या तुझ्यासारख्यांसाठी असतात.
ओकाखाली नर उभा होता. शिंगांत उपटलेले नेचे लोंबत होते. तो डुरकला आणि आमच्या दिशेने चार पावलं आला.
पुढचं नीट आठवत नाही. मी दगडी कुंपणाच्या पलीकडे होतो एवढं खरं. अलीकडे केल्विन हात पसरून टेस्सा आणि ऑड्रीच्या पुढे उभा होता. नराशी हळू आवाजात बोलत एकेक पाऊल मागे सरकत होता. बऱ्याच वेळाने नर वळला आणि निघून गेला.
टेस्सा कुंपणाशी आली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "मला पाचवा महिना लागलाय, डॅड. हेच सांगायचं होतं."
मी अभिनंदन केलं. मग सांगितलं की नराला माझ्या मागे खेचावं म्हणूनच मी पळालो. अंड्याची सँडविचेस खाल्ली, पण दोन वेगवेगळ्या गाड्यांत बसून.

१३ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. योजना अचूक होती. नर मागे आला नाही, ही त्याची चूक. ऑड्रीला समजावलं. तिने बाही वर केली. दंडावर वळ होता. म्हणाली, "मला ढकलून पळालास तू."
धांदलीत धक्का लागतो.

१५ ऑक्टोबर
पार्कवाल्यांना कडक पत्र लिहिलं. 'मध्यम' हा शब्द दिशाभूल करणारा आहे. ऑड्री आता टेस्साच्या खोलीत झोपते. माझ्या घोरण्यामुळे असेल.

१७ ऑक्टोबर
टेस्साला तीन मेसेज पाठवले. तिसऱ्यात जावयाचा उल्लेख नावाने केला. उत्तर नाही. तिकडे नेटवर्क खराब आहे.

२० ऑक्टोबर, रविवार, दुपारी ३
फोन वाजला. केल्विन. उचलायचा नाही असं ठरवेपर्यंत उचलला गेला.
म्हणाला, टेस्सा बरी आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत. मग म्हणाला, "मी तिला सांगितलंय, की तुम्ही खरंच त्या नराला लांब न्यायला पळालात. कुंपणापलीकडून हातवारे करून बोलावत होतात, मी पाहिलं. हळूहळू पटतंय तिला. तुम्हीही तेच सांगत राहा, रेज."
मी हातवारे केले नव्हते. मी डोळे मिटून घेतले होते.
आठवडाभर घरात मीच ते सांगत होतो, आणि मला ते पटत होतं. त्याच्या तोंडून ऐकलं आणि लगेच कळलं की थाप आहे.
थँक यू म्हणालो. त्याने फोन ठेवल्यावर.