शिडी कुणी धरायची

सोमवार, ३ जून

लिहायला उशीर झाला, माफी असावी. चार दिवस पान कोरंच राहिलं. हात बरा होता, पोट बरं नव्हतं. गिळलेलं सगळं उलटून पडत होतं.

आज डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं. वजन उतरावं म्हणून नऊ वर्षांपूर्वी पोटाला आतून बसवलेला पट्टा जागचा घसरलाय. वजन तर केव्हाच परत आलंय, वर थोडं जास्तच! दादाचा पट्टा जागेवर आहे, पण त्याचंही वजन होतं तेवढं झालं. दोघा भावांनी एकाच महिन्यात बसवून घेतले होते. फुकट गेले दोन्ही.

डॉक्टर म्हणाले, "पट्टे काढून टाकू. आता बायपास. पोटाचा अंड्याएवढा कप्पा करायचा आणि खालचं आतडं त्याला जोडायचं." नळ जोडायचा असावा तसं बोलले! माझ्या तोंडचं पाणी पळालं. दादा मात्र — "पट्टाच घसरला ना? विजार घसरली असती तर पंचाईत होती."

मंगळवार, ४ जून

दादा तयार. मी नाही.

गुरुवार, ६ जून

आहार सांगणाऱ्या बाईंकडे गेलो. वहिनी बरोबर होती. माझी बायको गेल्यापासून माझंही खाणंपिणं वहिनीच बघते. बाईंनी विचारलं, पट्टा बसवल्यावर काय काय खायचे हे?

वहिनी ठसक्यात — "खायला कुठं देत होते मी! कडक पथ्य. नुसतं पातळ."

पातळ म्हणजे? म्हणजे साखर घालून आटवलेलं दूध. विरघळवलेलं आइस्क्रीम. दुधात कालवलेली बिस्किटं. रोज संध्याकाळी दोघांना पेला पेला भरून, जेवण वेगळं. "डॉक्टरच म्हणाले होते, पातळ चालतं!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते पहिल्या महिन्यापुरतं होतं, आजी."

पहिल्या महिन्यापुरतं! आम्ही नऊ वर्षं पाळलं. इमानाने पाळलं. गोड पातळ त्या पट्ट्यातून सुळकन खाली जातं म्हणे, त्याला पत्तासुद्धा लागत नाही. दादा इतका हसला की खुर्ची कुरकुरली.

बसमध्ये वहिनी गप्प. मला वाटलं, मनाला लागलं बिचारीच्या. घराचं कुलूप काढताना म्हणाली, "आजी म्हणाली ती मला."

शनिवार, ८ जून

औषधाच्या दुकानाचा मालक आला होता. नवी पाटी हवी, हातानेच रंगवलेली हवी, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. घाई नाही, वर्ष सरेपर्यंत झाली तरी चालेल म्हणे.

शिडीला आम्ही हात लावून किती दिवस झाले! माझी शाळा चौथीत सुटली, पण ब्रश हातात आला की अक्षर सरळ पडतं. वेलांटी चुकली तर दादा खालून ओरडतो. रीत ठरलेली — मी वर, तो खाली शिडी धरून. पोरवयात मी हलका होतो म्हणून ठरलं, ते ठरलंच. वर पाय नीट रोवले की मी "हो!" म्हणायचं. ती हाक येईपर्यंत दादाने मान वळवायची नाही, कुणीही बोलावलं तरी. एकदा रंगाचा डबा त्याच्या पायावर पडला, अंगठा फुटला, तरी हलला नव्हता.

गेल्या वर्षी माझ्याखाली पायरी मोडली. तेव्हापासून नुसती शटरं. जमिनीवर बसून रंगवायची आणि मग उठवायला माणूस शोधायचा.

आणि दादाने मला न विचारता पाटीला हो म्हटलं!

"तोवर चढशील तू."

"आणि टेबलावरून उठलोच नाही तर?"

"तर पाटी राहील. दुसरं काय."

आत वहिनीने भांडं आपटलं.

बुधवार, १२ जून

तारखा मिळाल्या. माझा पट्टा छळतोय म्हणून मी आधी, येत्या बुधवारी. दादा पंधरवड्याने. दोघं एकदम आडवे झाले तर वहिनीने कुणाकडे बघायचं? तपासण्या मात्र दोघांच्या एकत्रच उरकल्या. दोघेही पास.

पास झालो तरी घोर आहेच. भूल उतरलीच नाही तर? आतला टाका सुटला तर? पहिलं फसलं तसं हेही फसलं तर? मग तिसरं काय — डोकं कापणार?

रविवार, १६ जून

सांगून टाकलं दादाला. मी करून घेत नाही.

"बरं. मग मीही नाही."

"तू का नाही?"

"मी कधी एकट्याने काम घेतलंय?"

वहिनी मध्ये पडली. "घ्या दोघांनी मिळून माझा जीव घ्या!"

दुपारी पाणीसुद्धा पोटात राहिलं नाही. जातो म्हणालो.

मंगळवार, १८ जून

दवाखान्यात दाखल झालो. खाट अरुंद, चादर अपुरी. कूस बदलायची तर आधी विचार करावा लागतो. दादा सोबतीला राहिलाय. वहिनीने त्याचा डबा पाठवला, त्याने उघडलाही नाही. भूक नाही म्हणे. दादाला भूक नाही! मुद्दाम लिहून ठेवतो.

रक्तदाब चढलाय. सिस्टर म्हणते, "आजोबा, शांत पडा." कसा पडू!

बुधवार, १९ जून, सकाळ

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला नको म्हटलं. रक्तदाब उतरत नाही. आठवडाभर गोळ्या, मग बघू. सुटलो!

थोड्या वेळाने

दादा आत गेला. माझ्या जागी. "मला घ्या," म्हणाला, "तपासण्या झाल्यात, कालपासून उपाशी आहे." त्याला माहीत होतं, माझं असं होणार. डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग फाइल चाळून तयार झाले. ढकलगाडीवरून जाताना माझा हात दाबून म्हणाला, "ह्या खेपेला मी वर. तू धर."

मी कधी धरलेली नाही. खालून इतकी भीती वाटते, हे कधी बोलला नाही तो.

वहिनी चहाला बोलावतेय. मी दारावरची नजर काढलेली नाही. तशीच ठेवून लिहितोय, ओळी वाकड्या जातायत. दादा, पाय रोवलेस की लवकर हो म्हण.